सात महिन्यांच्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गेला, वॉरंटी आहे, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑटोमॅटिक गाडी, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारी), सात महिने झालेत, नऊ हजारच्या आसपास रनिंग. सकाळी डी (ड्राइव्ह) मध्ये टाकली की आधी काहीच होत नाही आणि मग दणका देऊन निघते, दोनदा वर्कशॉपला दिली, दोन्ही वेळा "सॉफ्टवेअर अपडेट केलंय" म्हणून परत मिळाली, आणि आता हायवेला चालत्या गाडीत आरपीएम वर जातोय पण गाडी ओढतच नाही, दिवा लागलाय, गाडी वर्कशॉपला उभी आहे आणि ते म्हणतात बॉक्स खोलून रिपेअर करू. तर रिपेअर करू द्यायचा, नवीन बॉक्स मागायचा, की गाडीच बदलून मागायची.

सरळ उत्तर देतो. खोलायला आज लगेच हो म्हणू नका, आणि गाडी बदलून द्या असंही आजच म्हणू नका. मी बरीच वर्षं ऑटोमॅटिक बॉक्सवर हाताने काम केलंय आणि नंतर वॉरंटी क्लेम बघायच्या टेबलावर बसलोय, त्यामुळे आतून हे कसं चालतं ते माहितीये. दोष खरा असतो, गिऱ्हाईक खरं बोलत असतं, पण ते कागदावर आलेलं नसतं आणि क्लेम तिथे अडकतो. तुमच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी म्हणजे त्या आधीच्या दोन फेऱ्या. त्या दोन्ही जॉब कार्डांच्या (गाडी घेताना तक्रार आणि काम लिहितात तो वर्कशॉपचा कागद) काम संपल्यावरच्या कॉप्या आहेत का तुमच्याकडे? नसतील तर उद्याच मागा, आणि त्यावर तुमची तक्रार नक्की काय शब्दात लिहिलीये ते वाचा. "जनरल चेकअप" किंवा "सॉफ्टवेअर अपडेट" एवढंच लिहिलं असेल तर तुम्ही गिअरबॉक्सची तक्रार घेऊन गेलाच नव्हता असं उद्या कोणीही म्हणू शकतं. तसं असेल तर आजच ईमेल टाका, अमुक तारखेला आणि तमुक तारखेला याच तक्रारीसाठी गाडी आणली होती, तेव्हा सॉफ्टवेअर अपडेट करून परत दिली, तीच तक्रार वाढून आता गाडी बंद पडलीये. फोनवर बोललेलं कितीही गोड असलं तरी ते हवेत जातं, म्हणून ईमेलच.

आता गाडीत काय झालं असेल त्याबद्दल, कारण हे कळलं तर वर्कशॉपशी बोलताना तुम्हाला कोणी गुंडाळणार नाही. टॉर्क कन्व्हर्टर बॉक्समध्ये गिअर बदलतो म्हणजे आतले क्लच पॅक (क्लच प्लेटांचे गठ्ठे) ऑइलच्या प्रेशरने दाबले जातात आणि सुटतात. प्रेशर पंप बनवतो, ते कुठल्या क्लचला किती द्यायचं हे व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या वाटा असलेला ठोकळा) आणि तिच्यावरचे सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) ठरवतात, आणि सोलेनॉइडला हुकूम देतो बॉक्सचा कंप्युटर. डी मध्ये टाकल्यावर उशीर होतोय याचा अर्थ क्लचपर्यंत प्रेशर वेळेत पोचत नाहीये. किती उशीर चालतो याला माप असतं, टोयोटाच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टाइम लॅग टेस्ट म्हणून दिलेली असते, न्यूट्रलमधून डी ला १.२ सेकंदाच्या आत आणि रिव्हर्सला १.५ सेकंदाच्या आत गाडीने धक्का घेतला पाहिजे. प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा, पण दोन-अडीच सेकंद हे कुठेच नॉर्मल नाही.

इथे एक साधी खूण आहे. उशीर फक्त डी ला होत होता की रिव्हर्सलाही? दोन्हीकडे होत असेल तर गडबड सगळ्यांच्या सामायिक जागी आहे, म्हणजे ऑइल कमी, पंप, फिल्टर, मेन प्रेशर. फक्त डी ला होत असेल तर पुढे जायच्या क्लचचा रस्ता, त्याचं सील किंवा व्हॉल्व्ह बॉडीतला तेवढाच भाग. आणि रात्रभर उभी राहिल्यावरच होत असेल, दिवसभर नाही, तर रात्रीत कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतंय आणि सकाळी पंपाला ते परत भरून घ्यायला वेळ लागतोय, असा संशय घ्यायचा. तुम्ही सकाळचं लिहिलंय, म्हणून ऑइल लेव्हलचा विचार मी पहिल्यांदा करीन. नवीन गाडीत ऑइल कमी कसं असेल असं वाटतं, पण कूलरच्या पाइपच्या जॉइंटला किंवा एखाद्या सीलला गळती असू शकते, आणि आजकालच्या बऱ्याच बॉक्सला डिपस्टिकच नसते त्यामुळे मालकाला कळायचा मार्ग नाही. लेव्हल बघायची तर गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, ऑइलचं टेंपरेचर कंपनीने दिलेल्या पट्ट्यात (बऱ्याच बॉक्सना ३५ ते ४५ डिग्रीच्या आसपास) आणि मग खालचा लेव्हल प्लग काढून. पहिल्या दोन फेऱ्यांत कोणी हे केलं होतं का, हा प्रश्न जरूर विचारा. माझा अंदाज, नाही.

सॉफ्टवेअर अपडेटबद्दल लोक फार चिडतात, त्यांनी काही केलंच नाही वगैरे. तसं सरसकट नसतं. कधीकधी दोष खरंच सॉफ्टवेअरचा किंवा ऑइलचाच असतो, जनरल मोटर्सच्या ८ स्पीड बॉक्सची थरथर त्यांनी वेगळ्या प्रकारचं ऑइल भरायला सांगून सोडवायला घेतली होती, आणि फोक्सवॅगनने २०१३ मध्ये ७ स्पीड ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक बॉक्स) असलेल्या जगभरातल्या साधारण १६ लाख गाड्या बोलावून सिंथेटिकच्या जागी मिनरल ऑइल घातलं. पण अपडेटची दुसरी बाजू अशी की त्यासोबत बहुतेक वेळा अ‍ॅडॅप्टेशन रिसेट होतं. बॉक्सचा कंप्युटर सतत शिकत असतो, क्लच जरा घसरतोय असं दिसलं की थोडं प्रेशर वाढवतो, भरायचा वेळ वाढवतो, आणि हे सगळं लक्षात ठेवतो. रिसेट मारला की ती आठवण पुसली, काही दिवस गाडी वेगळी वाटते, कधी चांगली कधी जास्त झटके देणारी, आणि मग खरा दोष असेल तर कंप्युटर परत शिकत शिकत त्याच्या मर्यादेपर्यंत जातो आणि तक्रार जिथे होती तिथे. तापाची गोळी देऊन घरी पाठवल्यासारखं. म्हणून अपडेटचा राग धरू नका, पण आधीचं आणि नंतरचं सॉफ्टवेअर व्हर्जन, आणि रिसेटच्या आधी अ‍ॅडॅप्टेशनच्या व्हॅल्यू किती होत्या हे मागा. त्या व्हॅल्यू मर्यादेजवळ होत्या आणि तरी रिसेट करून गाडी परत दिली असेल तर तो तुमच्या बाजूचा फार मजबूत पुरावा आहे. देतील का? सहज देणार नाहीत. तरी लेखी मागा, मागितलं होतं हेसुद्धा पुढे कामाला येतं.

आता हायवेला जे झालं ते. आरपीएम वर, गाडी ढिम्म, म्हणजे क्लच पॅक घसरले. घसरले की उष्णता, उष्णतेने ऑइल जळतं, क्लच प्लेटचा मसाला सुटून ऑइलमध्ये फिरतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक भोकांत, कूलरमध्ये, कन्व्हर्टरमध्ये सगळीकडे जाऊन बसतो. त्यामुळे ज्यांना अजून फक्त झटके येतायत आणि गाडी चालतीये त्यांच्यासाठीही सांगतो, आरपीएम आणि वेग यांची फारकत दिसली की बाजूला घ्या आणि बंद करा, घरापर्यंत तरी जाऊ असं करू नका. "दोष असूनही चालवली म्हणून नुकसान वाढलं" हे कारण क्लेम नाकारायला अगदी आयतं असतं. गाडी न्यायची तर फ्लॅटबेडवर. ऑटोमॅटिकची चालणारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर बॉक्सचा पंप इंजिनवर चालत असल्याने आत ऑइल फिरत नाही आणि होता तोही बॉक्स जातो, ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं वरच हवीत.

दिवा लागलाय ही खरं तर चांगली बातमी. दिवा म्हणजे कोड, आणि कोड म्हणजे "आम्हाला ट्रायलमध्ये काही जाणवलं नाही" हे उत्तर बंद. पी०७०० दिसेल बहुतेक, पण तो फक्त एवढंच सांगतो की बॉक्सच्या कंप्युटरकडे तक्रार आहे, खरी तक्रार त्याच्या आतल्या कोडमध्ये असते. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, थोडक्यात स्लिप. पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉकअप (इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) धरत नाही. पी०७५० च्या आसपासचे सोलेनॉइडचे. बहुतेक कोडसोबत त्या क्षणाचा डेटा साठवलेला असतो, किती वेग, किती आरपीएम, ऑइलचं टेंपरेचर किती. याची प्रिंट किंवा स्क्रीनचा फोटो मागा, कोड पुसायच्या आधी. बाहेरच्या एखाद्याने स्कॅनर लावून कोड वाचून दिले तर हरकत नाही, पण पुसू देऊ नका, बॅटरी काढू नका, आणि बाहेर कुठेही ऑइल टॉपअप किंवा ती बाटलीतली औषधं घालून घेऊ नका. बाहेरच्या हाताने बॉक्सला पाना लागला की वॉरंटीवाल्यांचा सूर बदलतो.

आता खोलायचा मुद्दा. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये इंजिनची कामं रोज होतात, ऑटोमॅटिक बॉक्स आतपर्यंत खोलून बसवणारा माणूस क्वचित असतो, आणि त्या कामाला जी स्वच्छता लागते ती साध्या बेवर मिळत नाही. म्हणून बहुतेक कंपन्यांची पद्धत अशी की बाहेरून बदलता येतं तेवढं, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड, सेन्सर, वायरिंग, हे वर्कशॉपने बदलायचं आणि त्याच्या आत गडबड असेल तर अख्खं युनिट बदलायचं. तुमच्याकडचे लोक "खोलून रिपेअर" म्हणतायत त्यात नक्की काय येतं ते आधी विचारा. कदाचित ते फक्त ऑइल पॅन काढून व्हॉल्व्ह बॉडी बदलायचं म्हणत असतील, मग त्याला नाही म्हणायचं कारण नाही.

ठरवायचं कशावर? ऑइलवर आणि पॅनमधल्या मॅग्नेटवर. पॅन काढताना मी हजर राहणार असं सांगा, नाहीच सोडलं आत तर फोटो. मॅग्नेटवर राखाडी बारीक पेस्ट असते ती नवीन बॉक्समध्ये पण असते, घाबरू नका. पण चकाकणारे कण, तुकडे, किंवा पॅनमध्ये काळा गाळ आणि ऑइलला जळका वास, म्हणजे क्लच किंवा बुश खाल्लेत. ऑइल स्वच्छ आहे आणि कोड सोलेनॉइडकडे बोट दाखवतोय तर व्हॉल्व्ह बॉडी बदलणं हा योग्य इलाज आहे, उगाच अख्खा बॉक्स बदलायचा हट्ट धरून चांगला बसवलेला बॉक्स काढायला लावू नका. ऑइल जळलंय तर मात्र अख्खं युनिट, कन्व्हर्टरसकट. कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद असतो, आतून धुता येत नाही. आणि कूलर आणि त्याचे पाइप बदला किंवा कंपनीच्या पद्धतीने फ्लश करा, हे जॉब कार्डवर लिहून घ्या. नवीन बॉक्स जुन्या कूलरला जोडला की जुना कचरा पहिल्या दिवशीच नव्या बॉक्समध्ये जातो. हे इतक्या ठिकाणी राहून जातं की मी हा एक मुद्दा सोडून बाकी सगळं विसरलात तरी चालेल म्हणीन.

नवीन बॉक्स की कंपनीने पुन्हा तयार केलेला? वॉरंटीच्या कागदात बहुतेक कंपन्या दोन्हीची मुभा ठेवतात. पुन्हा तयार केलेला वाईट असतो असं नाही, उलट त्यात आधीचे ज्ञात दोष सुधारलेले असू शकतात. पण सात महिन्यांच्या गाडीला नवीनच मागा, लेखी मागा, आणि दिलेल्या युनिटचा पार्ट नंबर, सिरियल नंबर बिलावर घ्या. शून्य रकमेचं असलं तरी बिल घ्याच. बदललेल्या बॉक्सला वॉरंटी बहुतेक वेळा गाडीच्या उरलेल्या वॉरंटीएवढीच असते, नवी सुरू होत नाही, ते आधी विचारा आणि इथे वाढवून मागायला जागा असते. तिसऱ्या फेरीला गाडी आलीये म्हणल्यावर एक्स्टेंडेड वॉरंटी कंपनीच्या खर्चाने द्या असं म्हणणं अजिबात अवाजवी नाही.

सही करायच्या आधी एक बघा. खोलून तपासायच्या परवानगीच्या फॉर्मवर "कारण वॉरंटीत बसत नसेल तर खोलणी आणि तपासणीचा खर्च ग्राहकाचा" अशी ओळ असू शकते. ती ओळ असेल तर वॉरंटीत न बसणारी कारणं कुठली ते त्यांच्याकडून लिहून घ्या. साधारण ती अशी असतात: अपघात, पाण्यात गेलेली गाडी (बॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी आत जातं, ऑइल दुधी होतं, लपत नाही, तेव्हा खरं असेल ते सांगा), ट्यूनिंग किंवा रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं), मर्यादेपेक्षा जास्त वजन ओढणं, चुकीचं ऑइल. इंजिन सर्व्हिस थोडी उशिरा केली म्हणून गिअरबॉक्सचा क्लेम नाकारत असतील तर त्या सर्व्हिसमध्ये बॉक्सचं कुठलं काम होतं ते दाखवा म्हणावं. नऊ हजारला सहसा काहीच नसतं.

आणि "तुमची चालवायची पद्धत" हे कारण आलं तर शांतपणे डेटा मागा. ऑस्ट्रेलियात फोर्डने पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या थरथरीची तक्रार घेऊन येणाऱ्या लोकांना हेच सांगितलं होतं, दोष आपल्याला माहीत असतानासुद्धा, आणि २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने त्यांना १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ऑटोमॅटिक बॉक्स साध्या चालवण्याने नऊ हजारात जळत नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर एकदम दाबून गाडी घाटात धरून ठेवायची सवय असेल तर वेगळं, पण टेंपरेचर वाढल्याच्या नोंदी कंप्युटरमध्ये शोधता येतात, तेव्हा आरोप करणाऱ्याने त्या दाखवाव्यात.

वर्कशॉपच्या बाजूचंही जरा सांगतो. वॉरंटी कामाचे पैसे कंपनी वर्कशॉपला ठरलेल्या तासांप्रमाणे देते, दोष शोधण्यात गेलेला वेळ त्यात फार धरलेला नसतो, आणि कागद अपुरे असले तर नंतर ऑडिटमध्ये दिलेले पैसे कापून घेतात. त्यामुळे समोरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर टाळतोय असं वाटतं तेव्हा तो बरेचदा स्वतःची मान वाचवत असतो. अख्ख्या बॉक्सची मंजुरी त्याच्या हातात नसतेच, ती कंपनीच्या टेक्निकल विभागाकडून येते. म्हणून त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, त्याला विचारा की कंपनीकडे केस उघडलीये का, आणि केस नंबर घ्या. मग तुम्ही स्वतः कंपनीच्या कस्टमर केअरला त्याच केस नंबरने लिहा. एकदा नंबर दोन्हीकडून जुळला की फाइल हलते.

गाडीच बदलून मागायची का? हे तुमच्या देशातल्या कायद्यावर आहे, पण बऱ्याच कायद्यांचा सांगाडा सारखा आहे, किती लवकर दोष निघाला, दुरुस्तीची किती संधी दिली, गाडी किती दिवस पडून राहिली. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात पहिल्या ३० दिवसांत सदोष गाडी सरळ परत करता येते, नंतर दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. अमेरिकेत राज्याराज्यांचे लेमन लॉ (सदोष गाड्यांसाठीचे कायदे) दुरुस्तीच्या फेऱ्या आणि दिवस मोजतात. युरोपियन युनियनमध्ये विक्रेत्याची जबाबदारी दोन वर्षं, आणि पहिल्या वर्षात निघालेला दोष आधीपासूनच होता असं धरतात. हे सगळं सिद्ध करायचं कशावर, तर त्याच जॉब कार्डांवरच्या तारखा आणि किलोमीटरवर. तुमच्याकडे ही तिसरी फेरी आहे. मी तुमच्या जागी असतो तर नवीन युनिट घेतलं असतं, पण घेताना ईमेलमध्ये एक ओळ टाकली असती: "ही दुरुस्ती माझे गाडी परत करण्याचे किंवा बदलून घेण्याचे कायदेशीर हक्क राखून ठेवून स्वीकारत आहे." तीच तक्रार परत आली की मग बदलीची मागणी, आणि तेव्हा वकील गाठायला हरकत नाही. तोपर्यंत पर्यायी गाडी मागा. कित्येक वॉरंटीत ती असते, आपणहून कोणी सांगत नाही.

आपल्या मॉडेलसाठी कंपनीने काही बुलेटिन (ज्ञात दोषाबद्दल वर्कशॉपना दिलेली सूचना) काढलंय का, वॉरंटी वाढवलीये का, हेही बघा. निसानने अमेरिकेत काही मॉडेलच्या सीव्हीटीची (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक बॉक्स) वॉरंटी ८४ महिने किंवा ८४ हजार मैलांपर्यंत वाढवली होती, असं काही असेल तर तुमची अर्धी लढाई झालेली असते. आणि गाडी डेमो किंवा सेकंड हँड घेतलेली असेल तर वॉरंटी तुमच्या खरेदीपासून नाही, पहिल्या नोंदणीपासून किंवा पहिल्या विक्रीपासून मोजतात, ती तारीख तपासा.

गाडी परत घेताना घाई नको. थंड इंजिनवर स्वतः चालू करा, म्हणजे आदल्या रात्री गाडी तिथेच उभी ठेवायला सांगा. डी आणि रिव्हर्स दोन्हीचा वेळ बघा, त्यांच्या माणसाला शेजारी बसवून ट्रायल घ्या. बॉक्स काढताना सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी खालची चौकट) उतरवली असेल तर व्हील अलाइनमेंट करून दिलीये का विचारा, स्टिअरिंग सरळ आहे का बघा. नवीन बॉक्सचं प्रोग्रॅमिंग आणि अ‍ॅडॅप्टेशन केल्याची नोंद कागदावर हवी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गिअर जरा कडक पडतील, ते चालतं. मग एकदा लिफ्टवर घेऊन अ‍ॅक्सलचे सील आणि कूलरचे जॉइंट ओले आहेत का बघून घ्या, आणि तेही जॉब कार्ड उघडूनच. सध्या कोड काय निघाले आणि ऑइल कसं दिसतंय एवढं कळवा, त्यावरून व्हॉल्व्ह बॉडीवर भागेल की अख्खा बॉक्स मागायचा ते सांगता येईल.